उकंडबाबांची शांती

"बाबा, तुम्हाला थंडी वाजते?"

उकंडबाबांनी अंगावरची घोंगडी छातीशी ओढून घेतली. बाहेर वैशाखाचं ऊन होतं. मठाच्या पत्र्यावर कुणीतरी बादलीभर पाणी मारलं होतं, ते पत्र्याला लागताच वाळून गेलं होतं.

बाबा काही बोलले नाहीत.

ओसरीवर बसलेल्या माणसांना त्याचं काही वाटलं नाही. बाबा असेच. एखादा प्रश्न विचारावा, वाट पाहावी, आणि बऱ्याच वेळाने एखादा शब्द यावा. कधी तोही येत नसे. वर्धा नदीच्या काठच्या त्या मठात लोक शब्दांसाठी येतच नव्हते. बाबांच्या शेजारी नुसतं बसावं, घरचा गलका डोक्यातून उतरू द्यावा आणि उठून जावं, यासाठी ते लांबून येत.

पण आज विचारणारी रेवती ढोक होती. अमरावतीची डॉक्टर, शरीरातल्या ग्रंथींच्या आजारांची तज्ज्ञ. नवरा गेल्यापासून ती या मठात येऊ लागली होती. मधे कामासाठी परदेशी गेली, ती आज कितीतरी महिन्यांनी बाबांसमोर बसली होती.

"...वाजते," बाबा म्हणाले.

आवाज घोगरा होता. जाड गोधडीखालून आल्यासारखा.

रेवती बाबांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. पापण्या फुगलेल्या. भुवयांची बाहेरची टोकं झडून गेलेली. कातडी कोरडी, पिवळट.

"तेज पाहिलं का ताई?" शेजारून शेषराव म्हणाले. मठाचं सगळं तेच पाहत. लाकडाच्या वखारीतलं काम सोडून ते तरुणपणीच बाबांकडे आले होते. "चेहरा कसा भरून आला! आता तं दिवस दिवस डोये उघडत नाहीत. समाधी लागते."

रेवतीने बाबांचा हात हातात घेतला. थंडगार होता. नाडी सापडली, पण पुढचा ठोका यायला इतका वेळ लागला की ती स्वतःचा श्वास धरून बसली.

"बाबा, जरा उठता? या स्टुलावर गुडघे टेकायचे. माझ्याकडे पाठ करून."

ओसरीवर कुजबुज झाली. शेषराव पुढे झाले. "ताई, बाबा कोनापुढं गुडघे टेकत नाहीत."

बाबा उठले. भिंत धरत स्टुलापाशी गेले, आणि गुडघे टेकून, तिच्याकडे पाठ करून, लहान मुलासारखे थांबले.

रेवतीने पिशवीतून रबरी हातोडी काढली आणि टाचेच्या वरच्या शिरेवर हलकेच मारली.

पाऊल झटक्यात खाली गेलं.

मग... परत यायला लागलं. हळू. इतकं हळू, की परत यायचं की नाही ते त्याचं अजून ठरलेलं नसावं.

तिने दुसऱ्या पायावर मारून पाहिलं. तेच.

तिने हातोडी पिशवीत ठेवली. मग तपासणीसाठी बाबांचं रक्त घेतलं.

*

रक्ताचा अहवाल आला आणि ती पुन्हा मठात गेली. सकाळची वेळ होती. गर्दी नव्हती. बाबा भिंतीला टेकून बसले होते, शेषराव पायाशी.

रेवतीने बाबांचं बोट धरून त्यांच्याच गळ्यावर टेकवलं.

"इथे एक ग्रंथी असते बाबा. फुलपाखरासारखी. थायरॉइड. तिच्यातून एक रस थेट रक्तात जातो. संप्रेरक म्हणतात त्याला. अगदी थोडा असतो. पण शरीराची ऊब, हृदयाचे ठोके, भूक, बोलणं, विचार... सगळ्याचा वेग तो ठरवतो."

बाबांचं बोट गळ्यावरच राहिलं.

"आन?"

"तुमची ती ग्रंथी काम करेनाशी झालीये."

"...मरून गेली?"

"दमलीये म्हणा. डोक्यात, मेंदूच्या खाली, दुसरी एक ग्रंथी असते. वाटाण्याएवढी. ती हिला हाक मारते. काम कर म्हणते. ही ऐकत नाही, म्हणून ती आणखी जोरात हाक मारते. तुमच्या रक्तात त्या हाका मोजता येतात. मी इतका मोठा आकडा फार कमी वेळा पाहिलाय."

बाबा खूप वेळ गप्प राहिले. नदीच्या बाजूने कुणीतरी म्हशींना हाकत गेलं. रेवतीला वाटलं, त्यांचा डोळा लागला.

"बिचारी..." बाबा म्हणाले. "कव्हाची ओरडून राह्यली असन... आन मी म्हनत होतो, आत सगळं शांत झालं."

शेषराव ताडकन उठले.

"म्हंजे काय म्हनता ताई तुम्ही? बाबांची समाधी म्हंजे बिमारी? हे हजारो लोक येतात, ते काय गळ्यातल्या गाठीचं दर्शन घ्यायले येतात?"

"समाधीचं मला कळत नाही, शेषराव. आजाराचं कळतं."

"तुम्हाले सगळंच कळते!"

ते टोचलं. रेवतीचा आवाज चढला, आणि मेडिकल कॉलेजात मुलांसमोर बोलते तशी ती बोलू लागली.

"हो, कळतं. तुम्ही आता माझ्यावर संतापलात ना? मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात, त्यांनी रक्तात ॲड्रेनॅलिन सोडलंय. म्हणून तुमचा श्वास जोरात चाललाय. पोटामागच्या ग्रंथीने इन्सुलिन दिलं नाही तर खाल्लेली साखर अंगी लागत नाही. वयात येणं, म्हातारं होणं, झोप, भीती, हे सगळं या ग्रंथी ठरवतात. माणूस म्हणजे या दोन-चार ग्रंथींची मर्जी आहे. बाकी आपण त्याला मोठमोठी नावं देतो."



बाबा तिच्याकडे पाहत होते. सुजलेल्या पापण्यांखाली डोळे हसत होते.

"सगळंच?"

"...बरंचसं."

"माया पन?"

रेवती अडखळली. "त्याचंही एक संप्रेरक आहे. बाळ छातीशी घेतलं की आईच्या रक्तात वाढतं. त्यानेच पान्हा फुटतो."

"चांगलं हाय," बाबा समाधानाने म्हणाले. "कुठंतरी तं राहाच लागन ना तिले. बिनाघराची कशी राहीन?"

रेवतीने पिशवीतून गोळ्यांची बाटली काढून त्यांच्यापुढे ठेवली.

"रोज सकाळी एक. उपाशीपोटी. आधी अगदी कमी ताकदीची, मग हळूहळू वाढवू. वय झालंय, हृदयावर एकदम भार नको. नाही घेतली तर..." तिचा आवाज उतरला. "नाही घेतली तर येत्या हिवाळ्यात एक दिवस तुम्ही झोपाल ते उठणार नाही, बाबा. आणि हे लोक म्हणतील, समाधी घेतली."

शेषराव खाली बसले. त्यांचा राग गेला होता. तिथे आता नुसती भीती होती.

"पन बाबा... गोळी घेतली आन ते शांती गेली तं?"

बाबांनी बाटली उचलली. कानाशी धरून हलवली. गोळ्या खुळखुळल्या, तसं त्यांना हसू आलं.

"एवढुशा गोळीनं जात असन, शेषराव... तं जाऊ दे."

*

आणि ती शांती गेली.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. पावसाळ्यात बाबांनी घोंगडी अंगावरून काढून घडी करून ठेवली. पोळ्याला त्यांनी स्वतःहून विचारलं, आज जेवायला काय? नवरात्रात त्यांचा आवाज मोकळा झाला, आणि तेव्हा कळलं की बाबांना गाण्याची भयंकर हौस आहे आणि सूर अजिबात नाही. ते आरतीत मोठ्याने गायचे आणि बाकीचे चुकायचे.

दसऱ्यापर्यंत बाबा वेगळेच झाले होते.

ते बोलायचे. पुष्कळ बोलायचे. समोर बसलेल्याला नाव विचारायचे, गाव विचारायचे, म्हशीने यंदा किती दूध दिलं ते विचारायचे. एखादी बाई डोळे मिटून बसली की म्हणायचे, "झोप येऊन राह्यली का वो? आत जाऊन पड." हसायचे तेव्हा पोट धरून हसायचे.

रागवायचेसुद्धा. मठाच्या पायरीवर थुंकणाऱ्या एका मोठ्या माणसाला त्यांनी चारचौघांत झापलं आणि पायरी धुवायला लावली. वरणात मीठ नाही म्हणून एकदा ताट सरकवलं. मग संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले, "चुकलो माय, जीभ लय सुटली माही."

लोक कमी होऊ लागले.

"बाबांत आता ते राहिलं नाही," जाताना एकमेकांना म्हणू लागले. लांबून येणाऱ्या गाड्या थांबल्या. काहीजण नदीपलीकडे एका नव्या बुवाकडे जाऊ लागले. तो म्हणे अजिबात बोलत नव्हता.

मार्गशीर्षात शेषरावांनी रेवतीला फोन केला.

"ताई, तुम्ही बाबाले वाचवलं. तुमचे उपकार आहेत. पन... आमचे बाबा कुठी गेले?"

रेवतीने फोन ठेवला. तोच प्रश्न तिला कधीपासून छळत होता. तिने तो फक्त मोठ्याने विचारला नव्हता.

*

ती पोचली तेव्हा ओसरी रिकामी होती. शेषराव फाटकापाशीच भेटले.

"मागं आहेत, नदीकडं," ते म्हणाले. मग घुटमळले. "ताई, फोनवर मी बोललो ते..."

"बरोबरच बोललात."

"नाही, आयका. काल संध्याकाळी मी पानी भरत होतो. बाबा आले, बाजूले बसले. म्हनते, शेषराव, तुहा गुडघा दुखते ना? लंगडून चालतं. पोरगी कशी हाय तुही?" शेषरावांनी तोंड फिरवलं. "इतकी वर्सं पायाशी बसलो. कधी इचारलं नव्हतं."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"काय सांगू? रडू आलं. घागर तशीच राह्यली."

मठामागच्या उतारावर बाबा बाजेवर बसले होते. कोवळं ऊन होतं. मांडीवर टोपलं, टोपल्यात उकडलेल्या तुरीच्या शेंगा. बाबा सोलून खात होते आणि टरफलं पायाशी टाकत होते.

"ये वो माय! खा. मिठाच्या पान्यात उकडल्या. गरम आहेत अजून."

रेवतीने आधी त्यांचा हात धरला. हात ऊबदार होता. नाडी एखाद्या शेतकऱ्यासारखी चालली होती, ठाम आणि निवांत.

"गोळी घेता ना रोज?"

"घेतो. पहाटीच. ते खाऊन भूक अशी लागते का इचारू नको."

ती त्यांच्या शेजारी बाजेवर बसली. टोपल्यातली एक शेंग घेऊन हातात फिरवत राहिली.

"लोक येत नाहीत म्हणे आता."

"येतात ना. तू आली."

"बाबा, माझ्यामुळे झालं हे."

"हाव," बाबा म्हणाले आणि आणखी एक शेंग सोलली. "तुह्यामुळंच बसलो हाय इथं उन्हात."

"तसं नाही. आधीचे बाबा आणि हे बाबा... यांतले खरे कोण?"

"त्याले थंडी वाजे. याले भूक लागते. आता खरा कोनता, ते तू सांग. डॉक्टर तू हायस."

तिला हसू आलं नाही. बाबांनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि टोपलं खाली ठेवलं.

"काय झालं?"

रेवती नदीकडे पाहत बोलू लागली.

"सुहास गेला ना, तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. सगळे समजावत होते. देवाची इच्छा, धीर धर, तू तर डॉक्टर आहेस. आणि मी डॉक्टर होते, म्हणून मला कळत होतं माझ्या शरीरात काय चाललंय. झोप का येत नाही, घास का उतरत नाही, छाती का धडधडते. प्रत्येकामागचं संप्रेरक मला नावानिशी माहीत होतं, बाबा. आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता. तशीच उठले आणि गाडी काढून इथे आले. पहिल्यांदाच."

बाबा ऐकत होते.

"तुम्ही ओसरीवर भिंतीला टेकून, डोळे मिटून बसला होतात. मी शेजारी बसले आणि रडायला लागले. तोंडावर ओढणी दाबून, दुपारपासून गुरं परत येईपर्यंत रडले. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. डोक्यावर हातसुद्धा ठेवला नाहीत. नुसते होतात. मला वाटलं, जगात एक माणूस आहे ज्याला माझं दुःख दुरुस्त करायचं नाहीये. घरी गेले, भात लावला आणि जेवले. त्या दुपारवर मी इतकी वर्षं जगले, बाबा."



"आणि आता मी हिशेब मांडते. ही ग्रंथी एका दिवसात बंद पडत नाही. तेव्हाच ती मंदावली असणार. मग त्या दुपारी तुम्ही गप्प होतात, ती माया होती... की..."



अलीकडे बाबा इतके गप्प बसत नसत. पाण्यावरून एक टिटवी ओरडत गेली. रेवतीने मान खाली घातली.

"खरं सांगू?" बाबांनी विचारलं.

"सांगा."

"मले झोप लागली होती."

रेवतीने मान वर केली. "काय?"

"झोप. तेव्हा तसंच होई माय. भिंतीले टेकलो का डोये मिटत. तू आली, बाजूले बसली, येवढं आठवते. मंग मी झोपलो."

ती त्यांच्याकडे पाहतच राहिली.

"म्हणजे मी... दुपारभर... एका झोपलेल्या माणसापाशी..."

"हाव."

आधी तिच्या तोंडून नुसता श्वास गेला. मग तिला हसू फुटलं. ती हसत सुटली. बाजेची दोरी धरून, वाकून, डोळ्यांत पाणी येईतो हसली. बाबाही हसले. आणि हसता हसता कधीतरी तिचं हसणं बदललं, खांदे हलू लागले, आणि बाबा हसायचे थांबले.

त्यांनी आपल्या उपरण्याचं टोक तिच्या हातात दिलं.

तिने डोळे पुसले.

"मग बाबा," तिने विचारलं, "त्या दिवशी मला सावरलं कुणी?"

बाबांनी टोपल्यातली एक शेंग घेतली. सोलली. रेवतीची मूठ उघडून दाणे तिच्या तळहातावर ठेवले आणि बोटं पुन्हा मिटवली.

"तूच, माय. लय हळू रडत होतीस तू... म्हाताऱ्याची झोप मोडू नये म्हनून."